समान वेतनाचा कायदा शेतमजूर आणि ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांपर्यंत का पोहोचत नाही?

प्रश्न
आमची बार्शी तालुक्यात थोडी शेती आहे आणि मजुरी वाटण्याचे काम माझ्याकडे असते. खुरपणीला आलेल्या बाईला तीनशे आणि त्याच दिवशी बांधावर काम करणाऱ्या गड्याला पाचशे, हा गावचा दर मीही वर्षानुवर्षे देत आले. यंदा एका मजूर बाईने विचारले, "ताई, दिवसभर वाकून पाठ तर आमचीच मोडते, मग दोनशे रुपये कमी कशाचे?" मला उत्तर देता आले नाही. समान वेतनाचा कायदा होऊन जवळपास पन्नास वर्षे झाली, तरी गावात तो दिसत का नाही? जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १
मी कामगार खात्यातून निवृत्त झालो आहे. १९७६ च्या समान मोबदला कायद्याची जागा आता वेतन संहितेने घेतली असून ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे. मात्र मूळ कसोटी तीच आहे. कौशल्य, श्रम, अनुभव आणि जबाबदारी सारखी असेल, तर त्या कामाला स्त्री म्हणून कमी वेतन देता येत नाही, आणि बरोबरी साधण्यासाठी कोणाचे वेतन कमीही करता येत नाही. मुंबईतील एका जहाज कंपनीच्या स्त्री लघुलेखिकांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये ही कसोटी नीट उलगडली. त्यांच्या पदावर केवळ स्त्रियाच असल्याने तुलना होऊच शकत नाही, हा कंपनीचा युक्तिवाद न्यायालयाने फेटाळला, आणि आर्थिक अडचणीची सबबही मानली नाही. पण त्या बायकांकडे नेमणुकीची पत्रे होती, पगाराची नोंद होती. आपल्या शेतावरच्या बाईकडे यांतले काय आहे? शिवाय खुरपणी बायकांची आणि फवारणी गड्यांची अशी वाटणी गावाने आधीच करून ठेवल्यामुळे "काम वेगळे, दर वेगळा" असे म्हणायला सगळे मोकळे. माझ्या मते ही पळवाट आहे, कारण खुरपणीचे कष्ट कमी आहेत असे कोणी मोजून ठरवलेले नाही.

प्रतिसाद २
मोजून मजुरी दिली की काय होते, ते आमच्या घराने पाहिले आहे. १९७२ च्या दुष्काळात माझी आई खडी फोडायला जात असे. रोजगार हमी योजनेत मजुरी कामाच्या मापावर होती आणि मापाचा दर स्त्री-पुरुषांना एकच होता. १९७७ च्या कायद्याने या योजनेला पक्का आधार मिळाला. आई सांगायची, की खडीच्या ढिगाला टेप लावताना ढीग कोणाचा आहे हे कोणी विचारत नसे. मात्र माती खोदणारा नवरा आणि पाट्या वाहणारी बायको यांचे माप एकत्र धरले, की पैसे नवऱ्याच्या हातावर पडत. पुढे २००५ च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्याखाली मजुरी बँकेच्या किंवा पोस्टाच्या खात्यात येऊ लागली, आणि बाईचे स्वतंत्र खाते असेल तेथे ही अडचण बरीच दूर झाली.

प्रतिसाद ३
मी बीड जिल्ह्यातील ऊसतोड मजुरांबरोबर काम करते. आमच्याकडे नवरा-बायको मिळून एक 'कोयता', म्हणजे मजुरीसाठी एकच जोडी, धरतात. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, पुरुषाच्या नावावर, हिशेब पुरुषाशी, मजुरी टनावर. तो ऊस तोडतो, ती पाचट काढून मोळ्या बांधते आणि डोक्यावरून गाडीपर्यंत नेते. पहाटेची भाकरी तिनेच थापलेली असते. पाळीत किंवा बाळंतपणात ती उठू शकली नाही, तर खाडा मात्र दोघांच्या हिशेबात पडतो. येथे बाईला कमी मजुरी मिळते असेही म्हणता येत नाही, कारण तिची मजुरी म्हणून वेगळा आकडाच कुठे लिहिलेला नसतो. समान वेतनाच्या कायद्याला दोन आकडे शेजारी ठेवावे लागतात, आणि येथे तर एकच आहे.

प्रश्नकर्ती
सर्वांचे मनापासून आभार. पुढच्या हंगामापासून खुरपणीचा दर गड्याच्या दराइतकाच ठेवायचा आणि हजेरीवहीत प्रत्येकीचे नाव स्वतंत्र लिहायचे, असे ठरवले आहे. शेजारचे शेतकरी नाराज होतील, पण त्यांच्याशी बोलेन. आमच्या गावातूनही ऊसतोडीला टोळ्या जातात. मुकादमाशी, म्हणजे टोळी नेणाऱ्या कंत्राटदाराशी, करार करताना नवरा-बायको दोघांची नावे आणि दोघांचा हिस्सा लिहायला कायद्याची काही आडकाठी आहे का?

प्रतिसाद १
काहीच नाही. कंत्राटदारही संहितेच्या व्याख्येत मालकच ठरतो. सही किंवा अंगठा मात्र दोघांचा घ्यावा, आणि कराराची एक प्रत तिच्या हातात द्यावी.