‘सँक्शन’ म्हणजे मंजुरी की शिक्षा? मदत हवी आहे

मंडळी, एका शब्दाशी अडले आहे. आमच्या ऐरोलीच्या सोसायटीत सभेचं इतिवृत्त सेक्रेटरीकाका इंग्रजीत लिहितात आणि बोर्डावर लावायला मराठी मी करून देते. या खेपेला त्यात हे वाक्य आलं: ‘द कमिटी सँक्शन्ड द मेंबर फॉर एन्क्लोझिंग द बाल्कनी.’

मी झरझर लिहिलं, ‘सदस्यास बाल्कनी बंद करण्यास मंजुरी देण्यात आली.’ का नाही लिहिणार? गृहकर्जाचं सँक्शन लेटर, बिल्डरचा सँक्शन्ड प्लॅन, लाइटबिलावरचा ‘मंजूर भार’, सगळीकडे मंजुरीच. टाचणी लावणार तेवढ्यात लेक म्हणाली, “आई, त्यांना मंजुरी नाही, शिक्षा झालीये.” तिच्या डोक्यात रशियावरचे सँक्शन्स!

शब्दकोशात दोन्ही अर्थ आहेत. मूळ लॅटिन शब्द मोडता न येणाऱ्या कायद्याचा, हुकमाचा. पुढे कायदा पाळला जावा म्हणून ठेवलेली शिक्षाही सँक्शन झाली आणि अधिकृत मान्यताही. नाम त्यातल्या त्यात बरं: अनेकवचनी सँक्शन्स म्हणजे बहुधा निर्बंध, १९९० साली संयुक्त राष्ट्रांनी इराकवर घातले तसे. सरकारी नोकरावर खटला भरायला लागते ती सँक्शन मात्र परवानगी. क्रियापदाला अशी काही खूणच नाही.

मला वाटतं, मंजूर होतो तो प्लॅन किंवा कर्ज. इथे कर्म आहे माणूस, म्हणजे शिक्षा. बरोबर आहे का? आणि मराठीत ‘दंड’ लिहिलं तर लोक रुपये विचारणार. ‘कारवाई’ चालेल? काका गावी गेलेत, फोन लागत नाही, आणि ते सदस्य सकाळपासून दोनदा विचारून गेले, “झालं का मराठी?”

प्रतिसाद: तुमचा तर्क बरोबर. ‘सँक्शन्ड समवन फॉर समथिंग’ म्हणजे शिक्षाच. ‘कारवाई केली’ लिहा. पण काकांना विचारल्याशिवाय लावू नका, आपल्याकडचं ऑफिसातलं इंग्रजी वेगळं असतं.

धागाकर्ती: आत्ता फोन लागला. मंजुरीच दिली आहे म्हणे. ‘फॉर’ का लिहिलंत विचारलं, तर म्हणाले, “अगं, बाल्कनी बंद करण्या‘साठी’ ना!” पालिकेची परवानगी आणायची, ही अट मात्र लिहायचीच राहिली म्हणाले.