वर्षावासानंतर विहारातील सामूहिक ध्यान टिकवायचे कसे?

प्रश्न : विहार समितीचा एक सदस्य, उत्तर नागपूर

सर्व धम्मबंधू आणि धम्मभगिनींना सप्रेम जय भीम.

आमच्या वस्तीतील विहारात वर्षावासात, म्हणजे आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, रोज सायंकाळी बाबासाहेबांच्या ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन होते. त्या तीन महिन्यांत विहारात बसायला जागा पुरत नाही. ग्रंथसमाप्तीचे भोजनदान झाले, की मात्र विहार पुन्हा केवळ पौर्णिमेला आणि जयंतीला उघडू लागतो. हे थांबावे म्हणून आम्ही दर रविवारी सकाळी सामूहिक ध्यान सुरू केले आहे. आरंभी उत्साह होता, आता उपस्थिती घटत चालली आहे, आणि त्याचे कारण आळस नसून मतभेद आहेत, असे माझे निरीक्षण आहे.

येणाऱ्यांपैकी काही जणांनी विपश्यनेची दहा दिवसांची शिबिरे केली आहेत; त्यांना पूर्ण एक तास मौनात बसायचे असते आणि वंदनेत वेळ जाऊ नये असे वाटते. वडीलधाऱ्या उपासक-उपासिकांना त्रिसरण, पंचशील, बुद्धपूजा आणि भीमस्मरण ही सारी वंदना झाल्याशिवाय विहारात आल्यासारखे वाटत नाही. तरुणांपैकी काहींचा प्रश्न याहून मूलभूत आहे: शिक्षण, नोकरी आणि अत्याचाराचे प्रश्न समोर असताना डोळे मिटून बसणे हे आंबेडकरी चळवळीचे काम आहे का? या सर्वांना एका सतरंजीवर बसवता येईल असा काही क्रम आपल्या विहारात आहे काय? भंतेजी नेहमी उपलब्ध नसतात, त्यामुळे मार्गदर्शन कोणी करावे, हेही कृपया सांगावे.

उत्तर १ : विपश्यनेची जुनी साधक, नाशिक

जय भीम. विपश्यना करणाऱ्यांच्या बाजूने एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक वाटते. गोयंका गुरुजींच्या परंपरेत सामूहिक साधनेला किमान एक दहा दिवसांचे शिबिर पूर्ण केलेलेच बसतात आणि दुसरी कोणतीही पद्धत त्यात मिसळली जात नाही. हा नियम कोणाला दूर ठेवण्यासाठी नाही. शिबिरात जे क्रमाक्रमाने शिकवले जाते, ते रविवारी तासाभरात कोणाला देता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ आहे. म्हणून विहारातील खुल्या बैठकीला ‘विपश्यना’ म्हणू नये आणि तेथे कोणी विपश्यना शिकवूही नये.

आनापानाचे मात्र तसे नाही. नैसर्गिक श्वासाकडे लक्ष ठेवण्याचा हा सराव थोड्या वेळापुरता सर्वांना दिला जातो आणि लहान मुलेही तो करतात. आमच्या भागात विहारातील बैठक आनापानाची असते, आणि जुने साधक आठवड्यातील दुसऱ्या एका दिवशी कोणाच्या तरी घरी आपली तासाभराची साधना करतात. ही विभागणी झाल्यापासून वेळेवरून वाद होत नाही. जुन्या साधकांनी रविवारच्या वंदनेलाही अवश्य यावे, कारण शीलाशिवाय समाधी नाही हे शिबिराच्या पहिल्याच दिवशी शिकवले जाते आणि पंचशील तर वंदनेतच म्हटले जाते.

उत्तर २ : धम्मवर्गात नियमित जाणारा, पिंपरी

आपल्या प्रश्नात पद्धतींचा उल्लेख बराच आला आहे, परंतु गट टिकण्याचा संबंध पद्धतीशी फार कमी असतो, असे मला वाटते. त्रिरत्न बौद्ध महासंघाच्या धम्मवर्गांत आनापानसती (श्वासावरील ध्यान) आणि मेत्ताभावना (सर्वांविषयी मैत्री वाढवण्याचे ध्यान) हे दोन्ही अभ्यास शिकवले जातात. दोन्ही उत्तम आहेत. तरीही काही वर्ग वर्षानुवर्षे चालतात आणि काही थोड्याच काळात बंद पडतात.

पाली त्रिपिटकातील मज्झिमनिकायात चूळगोसिंग सुत्त आहे. गोसिंग सालवनात अनुरुद्ध, नंदिय आणि किंबिल हे तीन भिक्खू एकत्र राहत होते. भगवान त्यांना भेटायला गेले आणि तुम्ही दूध-पाण्यासारखे एकजीव होऊन राहता ना, असे त्यांनी विचारले. अनुरुद्धांच्या उत्तरात ध्यानाच्या उच्च अवस्था नंतर येतात. आधी येते ते रोजचे काम. भिक्षेहून जो प्रथम परततो तो आसने मांडतो, पिण्याचे आणि पाय धुण्याचे पाणी ठेवतो. जो शेवटी येतो तो आसने उचलतो आणि भोजनाची जागा झाडतो. पाण्याचे भांडे रिकामे दिसले तर ज्याला दिसेल तो भरतो. एकट्याला उचलत नसेल तर हाताने खूण करून दुसऱ्याला बोलावतो, पण त्यासाठी मौन मोडत नाही. आणि दर पाचव्या रात्री ते तिघे रात्रभर बसून धम्मचर्चा करतात. मन, वाणी आणि कृतीने एकमेकांविषयी मैत्री राखण्याचा उल्लेखही त्यातच आहे.

आपल्या गटाला लागणारे जवळजवळ सर्व काही मला या वर्णनात दिसते: वाटून न देताही केले जाणारे काम, सांभाळलेले मौन आणि ठरलेल्या दिवशी मोकळी चर्चा. विहारांत बहुधा असे होते, की सतरंजी घालणे, झाडणे आणि चहा करणे ही कामे त्याच दोन-तीन व्यक्तींकडे, बहुतेक वेळा स्त्रियांकडे, जातात आणि बाकीचे येऊन बसतात. जो केवळ येऊन बसतो, त्याला एखाद्या रविवारी न येणे सोपे असते. ज्याच्याकडे काही काम आहे, तो येतो. म्हणून नव्याने येणाऱ्या व्यक्तीलाही लवकरच एखादी जबाबदारी द्यावी, असा माझा आग्रह आहे.

क्रमाबाबत विचारलेत म्हणून सांगतो. आम्ही प्रथम त्रिसरण-पंचशील आणि संक्षिप्त वंदना घेतो, नंतर अर्धा तास ध्यान करतो, मग ग्रंथातील एक-दोन परिच्छेद वाचून त्यावर बोलतो आणि शेवटी धम्मपालन गाथा व सरणत्तयं हे समारोपाचे पाठ म्हणतो. पूर्ण बुद्धपूजा आणि भीमस्तुती पौर्णिमेला असते. गुडघे दुखणाऱ्यांसाठी खुर्च्या भिंतीलगत मागे न ठेवता सर्वांमध्येच ठेवतो. मागे बसवलेली माणसे हळूहळू येईनाशी होतात. अगरबत्ती ध्यानापूर्वीच विझवतो, कारण दम्याच्या रुग्णांना बंद खोलीतील धूर सहन होत नाही. पांढऱ्या वस्त्रांचा आग्रह फक्त पौर्णिमेपुरता ठेवला आहे, त्यामुळे रात्रपाळी करून थेट विहारात येणाऱ्या कामगारांना संकोच वाटत नाही.

उत्तर ३ : निवृत्त शिक्षक, छत्रपती संभाजीनगर

तरुणांच्या प्रश्नाला उत्तर दिले गेले नाही, म्हणून लिहितो. तो प्रश्न अनादराचा नाही आणि त्यांना गप्प करू नये. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी आपल्या अनुयायांना बावीस प्रतिज्ञा दिल्या, आणि त्यांतील अकरावी प्रतिज्ञा अष्टांगिक मार्गाचे अनुसरण करण्याची आहे. सम्यक स्मृती आणि सम्यक समाधी ही त्याच मार्गाची अंगे आहेत. ती वगळली तर मार्ग अष्टांगिक राहत नाही. त्याचबरोबर सम्यक वाणी, सम्यक कर्म आणि सम्यक आजीविका हीही अंगे आहेत, म्हणून जो गट केवळ डोळे मिटून बसतो आणि वस्तीतील मुलांच्या शाळेची चौकशी करत नाही, त्याच्याविषयी तरुणांची शंका मला योग्य वाटते.

आपण त्यांना सांगावे, की ध्यानाची उपयुक्तता वादाने ठरवू नका, करून पाहा. केसपुत्त येथे तेथील कालाम लोकांना भगवंतांनी हेच सांगितले होते: परंपरेने आले म्हणून किंवा हा श्रमण आपला गुरू आहे म्हणून काही मान्य करू नका, जे कुशल आहे आणि आचरल्याने हितकारक ठरते असे स्वतः जाणाल, ते स्वीकारा. आणि ध्यानाला लागूनच विहारात अभ्यासिका चालवता आली, तर तरुण त्या निमित्ताने येतील व पुढे बसतीलही.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. खुल्या बैठकीत आनापान आणि जुन्या साधकांची स्वतंत्र वेळ, हा मार्ग समितीपुढे मांडणार आहे. दोन गोष्टी राहिल्या. मार्गदर्शन कोणी करावे? आणि सकाळी आठ वाजता स्त्रियांची उपस्थिती फारच कमी असते, त्यावर उपाय काय?

उत्तर ४ : महिला मंडळातील उपासिका, चेंबूर

दादा, दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर वेळेतच आहे. रविवारी सकाळी आठ वाजता घरात पाणी भरणे, कपडे आणि स्वयंपाक हे सारे एकदम चालू असते. आमची बैठक सायंकाळी चार वाजता असते आणि तिला सासू व सून सोबत येतात. वेळ समितीने ठरवू नये. ज्या स्त्रिया येत नाहीत, त्यांच्या घरी जाऊन त्यांनाच विचारावे. लहान मुलांना घरी ठेवून या, असेही म्हणू नये. त्यांना पहिली दहा मिनिटे सर्वांसोबत बसू द्यावे आणि नंतर एखाद्या ताईने बाजूच्या खोलीत त्यांच्याकडून गाथा पाठ करून घ्याव्यात.

मार्गदर्शनाविषयी माझे मत असे, की रविवारच्या बैठकीला शिकवणारा कोणी लागत नाही, चालवणारा लागतो. वंदना घेणे, वेळ पाहणे, आरंभी चार वाक्यांत सूचना देणे आणि शेवटी घंटा वाजवणे, एवढे काम पाळीपाळीने कोणीही करू शकते; आमच्याकडे शाळेत न गेलेल्या एक आजीही ते करतात. ध्यानात कोणाला भीती वाटली, सतत रडू आले किंवा झोप उडाली, तर मात्र गटातील कोणी सल्ला देऊ नये. त्या व्यक्तीला प्रशिक्षित आचार्यांकडे आणि गरज असल्यास डॉक्टरांकडे न्यावे. भारतीय बौद्ध महासभेचे बौद्धाचार्य (धम्मविधी करणारे प्रशिक्षित उपासक) आपल्या भागात असतील, तर महिन्यातून एकदा त्यांना प्रवचनासाठी बोलवावे आणि त्याच दिवशी मोकळी चर्चा ठेवावी, म्हणजे वर्षभराच्या तक्रारी एकदम बाहेर पडणार नाहीत.

आणखी एक. विहाराची किल्ली एकाच घरी असेल, तर दुसरी करून घ्या आणि ती महिला मंडळाकडे द्या. किल्लीवाले गावाला गेले म्हणून बैठक रद्द झाली, असे दोन-तीनदा घडले, की पुढच्या वेळी लोक विचारायलाही येत नाहीत.