लशीबद्दल शंका घेणाऱ्याला काय उत्तर द्यायचं?

मूळ लेखन
नात्यातल्या एका जोडप्याने बाळाला गोवराची लस द्यायला नकार दिला. कारणं नेहमीचीच : लशीने ऑटिझम होतो, आणि आता हे रोग उरलेत कुठे? ऐकून जीव तुटला, म्हणून लिहितेय.

ऑटिझमची भीती पसरली ती १९९८ मध्ये, अँड्र्यू वेकफील्ड यांच्या शोधनिबंधामुळे. त्यात मुलं होती फक्त १२. २०१० मध्ये तो छापणाऱ्या 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने तो निबंध मागे घेतला आणि त्याच वर्षी ब्रिटनमध्ये वेकफील्ड यांचं नाव डॉक्टरांच्या नोंदणीतून काढून टाकण्यात आलं. २०१९ मध्ये डेन्मार्कमधल्या साडेसहा लाखांहून जास्त मुलांच्या नोंदी तपासल्या गेल्या. लस घेतलेल्या मुलांत ऑटिझमचं प्रमाण वाढलेलं आढळलं नाही. मूल बोलत नाही, नजरेला नजर देत नाही, हे आईबापांच्या लक्षात साधारण ज्या वयात येतं, त्याच सुमारास ही लस दिली जाते. म्हणून दोन्हींची सांगड घातली जाते.

प्रश्नचिन्ह
सोयीची उदाहरणं दिलीत. १९५५ साली अमेरिकेत पोलिओच्या लशीच्या काही साठ्यांत जिवंत विषाणू राहून गेला आणि मुलं लुळी पडली. १९९९ मध्ये रोटाव्हायरसची (बाळांना जुलाब करणाऱ्या विषाणूची) एक लस मागे घ्यावी लागली, कारण काही बाळांचं आतडं आतड्यात अडकलं. आधी या लशीही सुरक्षितच म्हटल्या जात होत्या ना? शिवाय साथ आली की लस घेतलेलेही आजारी पडतात, कधीकधी तर न घेतलेल्यांपेक्षा जास्त संख्येने. मग टोचून उपयोग काय?

मूळ लेखिका
दोन्ही घटना खऱ्या आहेत, नाकारणार नाही. रोटाव्हायरसच्या त्या लशीचा धोका साधारण १०,००० बाळांत एकाला होता. बाजारात आल्यावर वर्षभरात तो सापडला, कारण लशीनंतरच्या तक्रारींची नोंद ठेवली जात होती. पुढच्या दोन लशी बाजारात येण्याआधी प्रत्येकी ६०,००० हून जास्त बाळांवरच्या चाचणीत तपासल्या गेल्या.

आता तुमचा दुसरा मुद्दा. समजा १००० मुलं आहेत. ९९० जणांनी गोवराचे दोन्ही डोस घेतलेत, १० जणांनी एकही नाही. दोन डोसांनी शंभरातल्या सुमारे ९७ जणांना संरक्षण मिळतं. गोवर सगळ्यांपर्यंत पोचला, तर लस घेतलेली सुमारे ३० मुलं आजारी पडतील आणि न घेतलेली नऊ-दहा. नुसते आजारी मोजले तर लसवाले तिप्पट! पण तिकडे ९९० पैकी ३० आणि इकडे १० पैकी जवळजवळ सगळे. आपलं मूल कोणत्या गटात असावं, ते सांगा.

प्रश्नचिन्ह
हिशोब पटला. पण रोग कमी झाले ते स्वच्छतेमुळे आणि चांगल्या आहारामुळे, हे माझं मत कायम आहे.

मूळ लेखिका
त्यांचा वाटा आहेच, पण जपानचं काय झालं बघा. लशीनंतर दोन बाळं दगावल्याच्या बातमीने १९७५ मध्ये तिथलं डांग्या खोकल्याचं लसीकरण ढासळलं. १९७४ मध्ये रुग्ण होते चारशेच्या आत. १९७९ मध्ये ते १३,००० च्या वर गेले आणि ४१ जण दगावले. त्या पाच वर्षांत जपानमधली स्वच्छता तर काही कमी झाली नव्हती.

दोन_मुलांची_आई
मी लशीच्या विरोधात नाही, पण तुम्ही जे 'भीती' म्हणून बाजूला सारताय ते माझ्या घरात घडलंय. गोवराच्या लशीनंतर आठव्या रात्री माझी मुलगी तापाने फणफणली. मी कपाळावर ओली घडी ठेवत होते आणि तिचे डोळे एकदम वर गेले, हातपाय ताठ झाले. दीड-दोन मिनिटं असेल, मला तास वाटला. दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "लशीला आठ दिवस झाले, याचा लशीशी काही संबंध नाही." विषय तिथेच संपवला. त्या दिवसापासून त्यांच्या कुठल्याच बोलण्यावर माझा विश्वास बसत नाही. दुसरा डोस अजून दिलेला नाही.

लस_टोचणारी
ताई, मी रोज हेच काम करते. तुम्हाला चुकीचं सांगितलं गेलं. गोवराच्या लशीतला विषाणू जिवंत पण कमजोर केलेला असतो. तो शरीरात वाढायला वेळ लागतो, त्यामुळे ताप येतो तोच मुळी साधारण सहाव्या ते चौदाव्या दिवशी. तीन-चार हजार मुलांत एखाद्याला त्या तापात झटका येतो. बघणाऱ्याच्या काळजाचं पाणी होतं, पण अशा झटक्याने मेंदूला इजा राहत नाही. खुद्द गोवरात मात्र हजारात एकाला मेंदूला सूज येते. दुसऱ्या डोसनंतर अशा तापाचा धोका बराच कमी असतो. हे सगळं टोचायच्या आधीच सांगायला हवं होतं. आमच्यातलेच काही जण 'आईबाप घाबरतील' म्हणून गप्प राहतात, आणि मला ते अजिबात पटत नाही.

प्रश्नचिन्ह
हेच मी म्हणतोय! लपवलं की माणूस दुसरीकडे उत्तर शोधतो.

मूळ लेखिका
इथे मी तुमच्याच बाजूने आहे. त्या जोडप्याला मी आधी आकडे ऐकवले, त्यांना नेमकं कशाचं भय वाटतंय ते विचारलंच नाही.

दोन_मुलांची_आई
आठवा दिवस हाच त्याचा दिवस असतो, हे मला आज कळलं. धाकट्याचा पहिला डोस पुढच्या महिन्यात आहे, तो देणार. मोठीचं अजून ठरत नाही. त्या झटक्याची नोंद आता करता येईल का? आणि कार्डावर ती नेमकी कुठे लिहून घ्यायची?