तुमच्याकडे रेडिओ लागतो का? मिडियम वेव्ह, एफएम आणि खरखरीचे अनुभव

प्रक्षेपण केंद्राभोवती नकाशावर एक गोल काढतात आणि एवढ्या परिसरात कार्यक्रम ऐकू येतात असं सांगतात. सह्याद्रीला हा गोल मान्य नसावा. आंबा घाटाच्या माथ्यावर कोल्हापूरचं १०२.७ एफएम झकास लागतं, आणि साखरप्याच्या दिशेने उतरायला लागलं की वळणावळणाला तुटत जाऊन आमच्या वाडीत नुसता सूंऽऽ आवाज उरतो. मिडियम वेव्ह मात्र वाडीतही येते, जुन्या ट्रान्झिस्टरवर, दिवसा.

मिडियम वेव्हचे जुने प्रक्षेपक कमी करत जायचं आणि एफएमवर भर द्यायचा असं धोरण काही वर्षं चालू आहे. शहरात बसून ते पटतंही. डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्यांचं काय होतं, ते इथे लिहावं म्हणून हा धागा. कुठलं स्टेशन, कुठे, दिवसा की रात्री, अडथळा कसला, एवढं सांगा. ‘मोबाईलवर ऐका’ हा सल्ला कृपया नको. मोबाईलला रेंज असती तर धागा काढलाच नसता.

रत्नागिरी, मिऱ्याजवळून

दिवसभर मिडियम वेव्हवर, ११४३ किलोहर्ट्झला, आपलं रत्नागिरी खणखणीत असतं. दिवेलागण झाली की मागून हळूहळू हरियाणवी सुरू होतं, कारण रोहतक केंद्रही ११४३ वरच आहे. घरात बसून ऐकणाऱ्याला गंमत वाटते, होडीवर नाही वाटत. आमच्याकडे ट्रान्झिस्टर घेऊनच समुद्रात जायची पद्धत होती, अजूनही काही जण नेतात. मच्छीमारांसाठी हवामानाची सूचना चालू आहे, वाऱ्याचा वेग सांगतायत आणि नेमक्या आकड्यावर रोहतकची रागिणी वर येते. पंचेचाळीस की पंचावन्न, तांडेल आणि खलाशी एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. किनाऱ्यापासून लांब गेलं की मोबाईल बंदच.

नागपूर (प्रक्षेपण विभागातून निवृत्त)

मिऱ्याकर, यात दोन्ही केंद्रांचा दोष नाही. मिडियम वेव्ह दिवसा जमिनीला धरून जाते. वर जाणारा भाग आयनांबराच्या (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित पट्ट्याच्या) खालच्या थरात शोषला जातो. सूर्य मावळला की तो थर विरतो, मग लहरी त्याच्या वरच्या थरावरून परतून शेकडो किलोमीटरवर उतरतात. आपल्या भागात दोन स्टेशनांत ९ किलोहर्ट्झचं अंतर ठेवतात, म्हणजे ५३१ पासून १६०२ पर्यंत जागा मिळतात मोजून १२०. एवढा मोठा देश, शेजारी देश वेगळे, तेव्हा एकाच जागेवर लांबलांबची केंद्रं बसवावीच लागतात. दिवसा त्यांची गाठ पडत नाही, रात्री पडते. दोघांच्या फ्रिक्वेन्सीत अगदी किंचित फरक असला तरी आवाज वरखाली होत राहतो, तेही तुम्ही ऐकलं असेल.

रात्रीच्या याच गुणाचा उपयोगही केला गेला. १९८८ साली सुरू झालेली राष्ट्रीय वाहिनी इथूनच, १५६६ किलोहर्ट्झवर, १००० किलोवॉटच्या प्रक्षेपकावरून जायची. देशाच्या मधोमध बसून रात्रभर चारी दिशांना. २०१९ मध्ये ती बंद झाली. माझं वैयक्तिक मत विचाराल तर ती घाई झाली.

भुदरगड तालुका, कोल्हापूर

आमच्याकडचा अडथळा गव्यांमुळे. हसू नका. गवे उसात शिरतात म्हणून निम्म्या शिवाराला झटका मशीनची तार आहे. ते मशीन साधारण सेकंदाला एक झटका सोडतं आणि तारेला ओलं गवत टेकलं की तिथे बारीक ठिणगी पडते. सांगलीचं १२५१ लावलं की शेतीच्या कार्यक्रमात टक्, टक्, टक् सुरू. पावसाळ्यात गवत वाढतं तसा टकटकाट वाढतो. रेडिओ हातात धरून कुंपणाच्या कडेने चालत गेलं की टक् जिथे मोठी होते तिथे गवत टेकलेलं असतं. तेवढं कापलं की कार्यक्रम मोकळा आणि बॅटरीही वाचते. आता गावातले लोक तार तपासायलाच रेडिओ मागून नेतात!

डोंबिवली

शहरात कव्हरेज भरपूर आणि ऐकू काही येत नाही, अशी आमची तऱ्हा. आकाशवाणी मुंबईची अस्मिता वाहिनी, ५५८. संध्याकाळी सातनंतर भर्रर्र असा एकसुरी आवाज. घरातला मेन स्विच बंद करून सेलवर लावला, तरी तेच. मग जिन्यात फिरलो. दुसऱ्या मजल्यावर नव्याने लावलेल्या स्वस्त एलईडी नळीखाली रेडिओ धरला तर स्टेशन पूर्ण गडप. अशा दिव्याच्या आत वीज सेकंदाला हजारो वेळा तोडून-जोडून दाब कमी करतात, आणि आवाज गाळायचे चार भाग वाचवले की सगळी घाण वायरिंगमधून इमारतभर पसरते. मोबाईलचे हलके चार्जर, फुटकळ अडाप्टर यांचंही तसंच. सोसायटीने जिन्यातले दिवे बदलले. शेजारच्या इमारतीला मात्र कोण सांगणार?

ज्यांना दिवे बदलता येत नाहीत त्यांनी रेडिओ फिरवून बघा. मिडियम वेव्हचा एरियल सेटच्या आत आडवा असतो, फेराइटची काळी कांडी. तिची टोकं ज्या दिशेला असतील तिकडचं सगळ्यात कमी ऐकू येतं. तेव्हा टोक खरखरीकडे करायचं, स्टेशनकडे नाही. वर निघणारी चकचकीत दांडी फक्त एफएम-शॉर्टवेव्हसाठी असते, ती ओढून मिडियम वेव्हला काही फरक पडत नाही.

मुंबई, दादर

एवढा खटाटोप कशाला? अॅपवर आकाशवाणीची बरीच केंद्रं मिळतात, आवाज स्वच्छ.

धागाकर्ता

दादरकर, धागा पुन्हा एकदा वरून वाचा.

श्रीवर्धन

दादरकरांसाठीच लिहितो. ३ जून २०२०, निसर्ग चक्रीवादळ आमच्या डोक्यावरून गेलं. विजेचे खांब आडवे, टॉवर बंद, रस्त्यावर झाडंच झाडं. मुंबईतल्या मुलांना आम्ही जिवंत आहोत हे कळवायलाही साधन नव्हतं. माळ्यावरचा ट्रान्झिस्टर काढला, भिंतीवरच्या घड्याळातले सेल काढून घातले (ते लहान निघाले, मग टॉर्चमधले घातले) आणि मुंबई लावली. इतकी स्वच्छ मुंबई आम्ही त्याआधी कधी ऐकली नव्हती. पंचक्रोशीत वीजच नाही म्हटल्यावर दिवे नाहीत, चार्जर नाहीत, इन्व्हर्टर नाहीत, खरखर येणार कुठून? वादळ कुठल्या दिशेने गेलं, मदत कुठपर्यंत पोचली, सगळं त्या एका सेटवर कळलं. संध्याकाळी पडवीत अख्खी आळी जमायची. वीज आली त्या रात्री खरखरही परत आली.

पुणे

एक्स्प्रेसवेवर बोरघाटात कारचा एफएम बघा. एका वळणावर पुणं, पुढच्या वळणावर मुंबई, मधे काहीच नाही. एफएममध्ये दोन स्टेशनं एकत्र ऐकू येत नाहीत, ज्याचा जोर जास्त तो दुसऱ्याला पूर्ण झाकतो. ताम्हिणीतून गेलात तर मुळशी मागे पडल्यावर भांडायलाही कुणी नसतं.

देवगड

आमच्याकडे उलटाच प्रकार. आंब्याच्या दिवसांत, एप्रिल-मेमध्ये, एखाद्या पहाटे एफएमवर सलग अरबी. गाणी, बातम्या, जाहिराती, सगळं जवळच्या स्टेशनसारखं ठणठणीत. ऊन चढलं की गायब. बागेत राखणीला झोपणाऱ्या गड्यांना सवय झालीय, ‘दुबई लागली’ म्हणतात. दुबई आहे की मस्कत ते देव जाणे. एफएम नजरेच्या टप्प्यापुरतं असतं असं शाळेत शिकलो होतो, मग हे कसं?

नागपूर (प्रक्षेपण विभागातून निवृत्त)

देवगडकर, शाळेत शिकलात ते बरोबरच, फक्त समुद्रावर त्याला अपवाद आहे. पावसाळ्याआधी समुद्रालगत दमट थंड हवा आणि तिच्यावर कोरडी गरम हवा असा थर साचतो. पन्हाळीतून पाणी जावं तशी त्या थरातून एफएमची लहर समुद्राला चिकटून दूरवर जाते. दुसऱ्या महायुद्धात मुंबईच्या रडारवर याच कारणाने उन्हाळ्यात अरबस्तानच्या किनाऱ्याचे प्रतिध्वनी दिसायचे, हजार मैलांच्याही पलीकडचे. पाऊस सुरू झाला की वारे हवा ढवळून टाकतात आणि तो थर मोडतो.

धडगाव, नंदुरबार

सातपुड्यात एफएमचं नाव काढू नका. जळगावचं ९६३ दिवसा येतं, तेही घर कुठल्या अंगाला आहे त्यावर. नाल्याच्या बाजूच्या पाड्यांवर नाही. आमच्या घरी आजोबांनी केलेली सोय अजून आहे. सागाच्या खांबावरून समोरच्या महूच्या झाडापर्यंत तांब्याची तार, तिचं टोक खिडकीतून आत, आणि त्या तारेचे दहा-बारा वेढे रेडिओच्या खोक्यावरूनच गुंडाळलेले. सेट उघडायची गरज नाही. वेढे त्या काळ्या कांडीभोवती येतील असे घ्यायचे. दिवसा फरक लगेच कळतो. विजा चमकायला लागल्या की तार खिडकीबाहेर काढून ठेवायची, हे मुलांनाही पाठ आहे.

धागाकर्ता

धडगावकर, हे करून बघतो, आमच्याकडे महू नाही पण फणस आहे. तारेचं दुसरं टोक जमिनीत पुरायचं की मोकळं सोडायचं? आणि रात्री ९६३ वर तुमच्याकडे जळगावच असतं की गुजरात, मध्य प्रदेशातलं कुणी मधे येतं, तेही सवडीने लिहा. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्यांनी ११४३ दिवसा कुठपर्यंत जातं ते गावाच्या नावासह टाकलं तर खरा नकाशा आपणच काढू.