सुपरचार्जरच्या इंटरकूलरमध्ये एअर धरली तर: व्हॅक्यूम की संयम?

ह्यूस्टनकर

दुसऱ्या पिढीच्या कॅडिलॅक सीटीएस-व्हीबद्दल बोलतोय, २००९ ते २०१५. ६.२ लीटरचं एलएसए इंजिन, वर ईटनचा ब्लोअर, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा सुपरचार्जर. माझं मत सरळ आहे: या गाडीत इंटरकूलरची एखादी होज जरी सोडली, तरी कूलंट परत भरायचं ते व्हॅक्यूम लावूनच, म्हणजे आधी आतली हवा खेचून काढायची आणि त्या ओढीनेच कूलंट आत घ्यायचं. वरून ओतून पंप फिरवत बसण्याला अर्थ नाही.

ब्लोअरने दाबलेली हवा तापते. ती थंड करणारा तो इंटरकूलर, आणि त्यासाठी इथे पाण्याचं स्वतंत्र सर्किट आहे, इंजिनच्या कूलंटशी त्याचा संबंध नाही. पुढे एक छोटा रेडिएटर, विजेवरचा पंप, टाकी, आणि ब्लोअरच्या झाकणातच बसवलेला कूलर, ज्याला इकडे सगळे ब्रिक म्हणतात. हा ब्रिक सर्किटमध्ये सगळ्यात उंचावर. एअर तिथे जाऊन बसते आणि हलत नाही. पंप सेंट्रिफ्यूगल आहे, त्याला हवा ओढता येत नाही. गावाकडे विहिरीवरच्या मोटारीत आधी पाणी भरल्याशिवाय ती पाणी उचलत नाही, तसंच हे.

आणि थोडीशी एअर राहिली तर काय बिघडलं, असं कुणी म्हणू नये. एक लीटर पाणी जेवढी उष्णता उचलतं, तेवढी उचलायला साधारण साडेतीन हजार लीटर हवा लागते. ब्रिकचा जो भाग कोरडा, तो भाग नसल्यातच जमा. ब्लोअरनंतरचं हवेचं तापमान चढतं, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) ठिणगीचं टायमिंग मागे घेतो, गाडी जड वाटायला लागते. मग कुणीतरी पंप बदलायला सांगतं, आणि नवा पंपही त्याच हवेत फिरत राहतो.

डेन्व्हरवासी

मला हे पटत नाही. व्हॅक्यूमने एअर पूर्ण जाते हा समजच मुळात चुकीचा आहे.

हिशोब करा. समुद्रसपाटीला वातावरणाचा दाब २९.९ इंच पारा. तुम्ही २५ इंच व्हॅक्यूम खेचलात, म्हणजे जवळजवळ सहावा हिस्सा हवा आतच राहिली. सर्किट चार लीटरचं धरलं, तर कूलंट आत शिरल्यावर ही हवा दाबली जाऊन साधारण ६५० मिलिलीटरचा फुगा उरतो. तो कुठे जाईल? कूलंट टाकीकडून येतंय, म्हणजे हवा ढकलली जाणार पार दुसऱ्या टोकाला, थेट ब्रिककडे!

आमच्याकडे तर अजून एक अडचण. १६०० मीटर उंचीवर हवेचा दाबच जेमतेम साडेचोवीस इंच आहे. सूचनापत्रात २५ लिहिलंय म्हणून लोक गेजचा काटा तिथपर्यंत न्यायची वाट बघत बसतात आणि नसलेली गळती शोधत फिरतात.

माझी पद्धत: गाडीचं नाक रॅम्पवर चढवायचं, म्हणजे टाकीचं तोंड जमेल तितकं वर येतं. झाकण उघडं ठेवायचं, पंप चालू. होज हाताने दाबायची, सोडायची. बुडबुडे थांबले की पंप बंद करून थोडा वेळ जाऊ द्यायचा, कारण फिरत्या पाण्यात बारीक बुडबुडे एकत्र येत नाहीत. मग परत चालू. थोडी गाडी फिरवून आणायची, गार झाल्यावर पातळी बघायची. वेळ जातो, पण खर्च शून्य.

ह्यूस्टनकर

हिशोब बरोबर आहे तुमचा, पण तो एकदाच व्हॅक्यूम खेचण्याचा. कूलंट भरल्यावर त्याच टाकीवर दुसऱ्यांदा व्हॅक्यूम लावा. ६५० मिलिलीटरचा तो फुगा सहापट फुगतो आणि बराचसा टाकीतून बाहेर पडतो. उरतो त्याला पंप वाहून नेऊ शकतो. तुमच्या पद्धतीत सुरुवातच पूर्ण कोरड्या ब्रिकपासून होते. होज दाबून तेवढं पाणी वर चढत नाही.

उंचीचा मुद्दा मात्र मान्य. डेन्व्हरला काटा किती वर गेला यापेक्षा तो जागेवर टिकतो का, हे बघावं.

एक काळजी सगळ्यांनीच घ्या: हे काम गार गाडीवर करा. २५ इंच व्हॅक्यूममध्ये पाणी ५६ अंशांच्या आसपासच उकळतं. गरम कूलंटवर व्हॅक्यूम लावलात तर जी वाफ निघते, ती लोकांना एअर वाटते.

पुणेकर वाचक

मी गाडीवाला नाही, पण पंप मेलाय की एअर आहे हे काही न खोलता कसं ओळखायचं?

मिशिगनकरीण

पंपाच्या वायरला क्लॅम्प मीटर लावा. हवेत फिरणारा पंप भरलेल्या पंपापेक्षा स्पष्ट कमी करंट घेतो. जाम झालेला भरपूर घेतो किंवा फ्यूज उडवतो. शून्य असेल तर वायरिंग, रिले बघा. शिवाय चालत्या गाडीत ब्लोअरनंतरच्या हवेचं तापमान बघा. सिग्नलला उभं असताना ते चढणारच, त्यात वावगं काही नाही. पण वेग घेतल्यावर खाली येत नसेल तर पाणी फिरत नाहीये.

आता मूळ वादाबद्दल. तुम्ही दोघं एअर काढायची कशी यावर भांडताय. होज सोडली होती म्हणून एअर शिरली असेल तर कुठलीही पद्धत चालेल. पण नीट काढलेली एअर आठवड्याभरात परत येत असेल, तर ती येतेय कुठून? हा प्रश्न इथे कुणीच विचारला नाही, आणि इंजिन वाचणार ते त्याच्याच उत्तरावर.

पंपाच्या ओढीच्या बाजूचा क्लॅम्प सैल असेल तर थेंबही न गळता हवा आत येते. ते सोपं. ब्रिकला बारीक भोक असेल तर मात्र वेळ घालवू नका. एलएसएचा बूस्ट, म्हणजे ब्लोअरने दाबलेल्या हवेचा जास्तीचा दाब, नऊ पीएसआयच्या आसपास, कूलंटचा दाब त्याहून बराच कमी. म्हणजे पाय दाबला की बूस्टची हवा भोकातून कूलंटमध्ये घुसते, टाकीत बुडबुडे दिसतात, आणि आपण पुन्हा पुन्हा एअर काढत बसतो. पाय उचलला की उलटं: मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या भागात) व्हॅक्यूम, आणि कूलंट ओढलं जातं थेट सिलिंडरकडे. एक्झॉस्टला गोडसर वासाचा पांढरा धूर येतो. जास्त पाणी साचलं आणि स्टार्टर मारला, तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

म्हणून माझा क्रम: आधी प्रेशर टेस्ट, म्हणजे सर्किटमध्ये दाब भरून काटा उतरतो का ते बघायचं, झाकणावर छापलेल्या दाबाच्या वर न जाता. रात्रभर काटा टिकला तर भरायला घ्या.

डेन्व्हरवासी

ताई, प्रेशर टेस्टला विरोध नाही. पण बारीक भोक कधीकधी तापल्यावरच उघडतं, गार टेस्टमध्ये काटा टिकतो. उघड्या झाकणाच्या पद्धतीत निदान बुडबुडे डोळ्यांना दिसतात. व्हॅक्यूमवाला भरतो, झाकण लावतो, निघून जातो.

ह्यूस्टनकर

व्हॅक्यूम खेचल्यावर काटा धरून ठेवणं हीच पहिली गळती-तपासणी असते, ती तुमच्या पद्धतीत नाही. तरी ताईंचा क्रम मला मान्य: प्रेशर टेस्ट, मग व्हॅक्यूम, मग झाकण उघडं ठेवून पंप. फक्त झाकण उघडं असताना बुडबुडे थांबतच नसतील, तर गाडी स्टार्ट करू नका. ब्लोअरचं झाकण खोलून ब्रिकखाली ओल आहे का ते आधी बघा.