तंबाखूच्या हिशेबात न धरलेला खर्च

तंबाखू शेतकऱ्याच्या हाती रोख पैसा देते, हा या पिकाच्या बाजूने मांडला जाणारा मुद्दा खोटा नाही. पण त्या हिशेबात घरच्या माणसांची मजुरी आणि प्रकृती धरलेलीच नाही. दवाने किंवा पावसाने भिजलेली पाने खुडताना त्यांतले निकोटिन कातडीतून थेट अंगात भिनते आणि मळमळ, उलट्या, चक्कर असा त्रास सुरू होतो. ज्याने आयुष्यात कधी सिगारेट ओढली नाही, त्यालाही. खुडणीला लहान मुले असतील तर धोका अधिक, कारण त्यांच्या वजनाच्या मानाने ही मात्रा मोठी ठरते. भट्टीत पाने वाळवायची तर ती सुमारे आठवडाभर तापती ठेवावी लागते, आणि झिम्बाब्वे, टांझानियासारख्या देशांत त्यासाठीचे सरपण बरेचसे आसपासच्या जंगलातूनच येते. बियाणे-खते उधारीवर देणारी कंपनीच पानांची प्रतवारी आणि भाव ठरवत असेल, तर पीक बदलण्याचे स्वातंत्र्य कागदावरच उरते. २००५ मध्ये लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या तंबाखू नियंत्रण करारातील कलम १७ पर्यायी उपजीविकेबद्दल बोलते खरे, परंतु दुसऱ्या पिकाला हमखास गिऱ्हाईक मिळवून न देता शेतकऱ्याने तंबाखू सोडावी अशी अपेक्षा धरणे मला अन्यायाचे वाटते.