कोंबड्या त्याच, खुराडं तेच, मग अंडी कुठे गेली?

चिक्कूखालचं_खुराडं (१८ नोव्हेंबर)

नमस्कार मंडळी. भोरजवळ आमचं घर आहे. मागच्या अंगणात अकरा कोंबड्या आणि एक कोंबडा: पाच कावेरी (सुधारित जात), दोन आरआयआर (म्हणजे ऱ्होड आयलंड रेड), चार गावठी. अंडी मी कालनिर्णयवर तारखेच्या चौकटीत लिहिते, दुधाच्या हिशेबाशेजारी, म्हणजे हे अंदाजपंचे नाही. ऑगस्टमध्ये रोज सात, कधी आठ. दसऱ्याच्या आठवड्यात पाच. काल दोन. आज एक, तेही गावठीचं पिटुकलं.

सगळे म्हणतात थंडी पडली म्हणून. पण या कावेरी आणि आरआयआर मी गेल्या वर्षी अक्षय्य तृतीयेच्या सुमारास महिन्याची पिल्लं म्हणून आणल्या. ऑक्टोबरात अंड्यावर आल्या आणि सबंध हिवाळा न चुकता घालत होत्या. गेल्या डिसेंबरचं पान काढून बघितलं, सहाच्या खाली एकही आकडा नाही. मग गेल्या वर्षी थंडी नव्हती का?

पेंडीच्या दुकानात टॉनिकची बाटली गळ्यात मारली, ती पाण्यातून देऊन झाली. सासूबाईंचं म्हणणं वेगळंच: "मोजतेस म्हणून आटली." शेजारच्या ताईंना आठवड्याला डझनभर द्यायचं मी कबूल करून बसलेय, आणि काल त्यांच्यासाठी अंडी दुकानातून विकत आणली, हे कुणाला सांगू नका.

रानवाटा (१८ नोव्हेंबर)

खुराड्यात बल्ब लावा, विषय संपला. आमच्याकडे पंधरा दिवसांत फरक पडला होता.

माणदेशी_म्हातारा (१९ नोव्हेंबर)

ताई, बल्बचं नंतर बघू. तीस वर्षं पशुधन पर्यवेक्षक म्हणून दारोदार हिंडलो, कोंबडी हातात धरल्याशिवाय मी काही बोलत नाही. ते काम आता तुमच्याकडे. आज अंधार पडल्यावर, त्या दांडीवर बसल्या की एकेक उचला. रात्री त्या आरडाओरडा करत नाहीत.

शेपटीखाली, गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंना दोन हाडांची टोकं लागतील. त्यांच्यामध्ये दोन-तीन बोटं आरामात मावली तर कोंबडी अंड्यावर आहे. जेमतेम एक बोट गेलं तर बंद आहे. मग तुरा बघा, लालबुंद आहे की फिका आणि आक्रसलेला. आरआयआरचे पाय बघा. घालती असताना पायांचा पिवळेपणा उतरतो, बंद झाली की परत चढतो. शेवटी मानेची पिसं उलटी फिरवून बघा, खाली नव्या पिसांचे काट्यासारखे कोंब लागतात का. बॅटरी असेल तर पंखाखाली आणि गुदद्वाराभोवती उवा आहेत का तेही बघून घ्या.

आणि कोंबडीवार लिहून आणा. कालनिर्णयात जागा नसेल तर वहीत.

चिक्कूखालचं_खुराडं (२० नोव्हेंबर)

केलं काका. मुलाने बॅटरी धरली, त्याला फार मजा आली, मला नाही.

दोन्ही आरआयआर: एक बोट, तुरा फिका, पाय हळदीसारखे पिवळे. मानेवर कोंबच कोंब, हात लावला की अंग चोरतात. कावेरी पाचपैकी तीन तशाच, एकीची तर शेपटीच गेलीये. गेले पंधरा दिवस मी अंगणातून पिसं झाडतेय आणि शिव्या मांजराला देतेय! राहिलेल्या दोन कावेरी मात्र तीन बोटं, तुरा लाल. गावठीतली एक खुडूक (उबवायला) बसलीये, दोन बंद, एक चालू. उवा दोघींना सापडल्या.

आता हिशेब मला जुळत नाही. तीन कोंबड्या चालू आहेत तर अंडं एक का?

माणदेशी_म्हातारा (२० नोव्हेंबर)

ताई, तुमचं उत्तर तुम्हीच पहिल्या दिवशी लिहून ठेवलंय. "गेल्या वर्षी अक्षय्य तृतीयेला महिन्याची पिल्लं." गेल्या हिवाळ्यात त्या तलंगा, म्हणजे कोवळ्या कोंबड्या होत्या. पहिल्यांदा अंड्यावर आलेली तलंग दिवस लहान झाला तरी तो हिवाळा बहुधा रेटून नेते. आता त्या दीड वर्षाच्या वर गेल्या. दुसऱ्या वर्षी दिवस उतरायला लागला की कोंबडी पिसं टाकते. कोंबड्या त्याच असल्या तरी वय ते नाही.

थंडीचा दोष फार थोडा. आपल्याकडची थंडी ती केवढी! खरी गोम उजेडाची. जूनमध्ये आपल्या भागात दिवस तेरा तासांच्या वर असतो, डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात अकराच्या आसपास येतो. भरात घालायला कोंबडीला चौदा ते सोळा तास उजेड लागतो. तो तिला नुसत्या डोळ्यांतून कळत नाही, कवटीच्या पातळ हाडातून थेट मेंदूपर्यंत पोचतो आणि तिथून अंडाशयाला निरोप जातो. दिवस आखडतोय असं कळलं की निरोप बंद.

त्यात पिसं. पिसाचा ८५ टक्के भाग प्रथिनांचा. नवी पिसं आणि अंडं, दोन्ही एकाच कणगीतून काढायचं, म्हणून ती अंड्याचा खर्च थांबवते. आधी डोकं-मान, मग छाती-पाठ, मग पंख आणि शेपूट. सगळं व्हायला दोन-तीन महिने लागतात.

खायला काय घालता ते तुम्ही लिहिलंच नाही. टॉनिकचं लिहिलंत, दाण्याचं नाही!

गावठीचं वेगळं. ती बारा-पंधरा घालते आणि खुडूक बसते, हा तिचा धर्म. वर्षाला साठ-ऐंशी दिली तरी हात जोडा. तिला कावेरीच्या पंगतीत बसवून हिशेब करू नका.

आणि तीन चालू असून अंडं एक? कोंबडीला अंडं तयार करायला चोवीस तासांच्या वर लागतात, म्हणून रोजच्या रोज तीन मिळणार नाहीत. पण एकच मिळत असेल तर उरलेली कुणीतरी नेतंय किंवा कुठेतरी पडतायत. एक दिवस दुपारी बारापर्यंत कोंबड्या सोडू नका.

चिक्कूखालचं_खुराडं (२१ नोव्हेंबर)

खरं सांगू? पावसाळ्यापर्यंत लेअर मॅश (अंड्यावरच्या कोंबड्यांचं तयार खाद्य) देत होते. गणपतीत पोतं संपलं, तेव्हापासून तांदळाची कणी, ज्वारी आणि उरलंसुरलं. मोकळ्या फिरतात, किडे-मुंग्या खातात, भागेल असं वाटलं.

आज बारापर्यंत कोंडून ठेवल्या. दोन अंडी खुराड्यात मिळाली. तिसऱ्या बाईसाहेब, शेपटीवर पांढरा ठिपका असलेली कावेरी, दार उघडल्याबरोबर तीरासारखी सुटली आणि कडब्याच्या गंजीमागे गेली. मी मागोमाग. चौदा अंडी! पाण्यात टाकून बघितली, पाच तरंगली ती पुरली, आडवी बसली ती ठेवली. सासूबाई म्हणाल्या, "बघ, मोजली नव्हतीस ती वाढली."

लीड्सची_काकू (२१ नोव्हेंबर)

हसून हसून पुरेवाट झाली. इकडे इंग्लंडमध्ये डिसेंबरात आठ तासही उजेड नसतो. आमच्या चार कोंबड्या ऑक्टोबरअखेर दुकान बंद करतात ते फेब्रुवारीत उघडतात. माझ्या नवऱ्याने पहिल्या वर्षी दिवा लावला होता, संध्याकाळचा. रात्री नऊला फटकन बंद झाला आणि कोंबड्या अंधारात जमिनीवरच चाचपडत राहिल्या, दांडीवर चढताच येईना. लावायचाच तर पहाटे लावा, म्हणजे दिव्यातून त्या आपोआप उजेडात येतात आणि संध्याकाळ त्यांची त्यांना कळते. आम्ही आता लावत नाही. चार महिने अंडी विकत आणतो.

रानवाटा (२२ नोव्हेंबर)

मी बल्बच म्हणालो होतो ना.

माणदेशी_म्हातारा (२२ नोव्हेंबर)

म्हणाला होतात, पण पिसं टाकत असलेल्या कोंबडीवर दिवा लावणं म्हणजे बाळंतिणीला भांगलायला पाठवणं. नवी पिसं भरू द्या, मग पाहिजे तर पहाटे चारपासून उजाडेपर्यंत साधा नऊ वॅटचा बल्ब पुरतो. रोज ठरल्या वेळी, एकही दिवस खाडा नको. तुमच्या कोंबड्याला मात्र चारलाच सकाळ होईल, शेजारच्या ताईंना आधी कल्पना द्या.

आता दाण्याचं. कणी आणि ज्वारीने पोट भरतं, पण प्रथिनं दहा टक्क्यांच्या आतबाहेर. लेअर मॅशमध्ये सोळा-अठरा असतात. निम्मं तरी मॅश परत सुरू करा, वर थोडी शेंगदाण्याची पेंड आणि मूठभर सुकट. पेंड बुरशी आलेली नको, वास घेऊन घ्या. फुकटात पाहिजे तर जुनी रीत: मडक्यात शेण आणि ओलं गोणपाट भरून वाळवी असलेल्या जागी रात्रभर पालथं घाला, सकाळी वाळवीसकट कोंबड्यांपुढे उपडं करा. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाडग्यात ठेवा, जिला लागेल ती खाईल. अंड्याची टरफलं घालाल तर भाजून, बारीक करून. अख्खी घातलीत तर अंडी फोडून खायची चटक लागते आणि मग ती सुटत नाही.

उवांसाठी चुलीची थंड राख आणि कोरडी माती टोपल्यात ठेवा, त्या लोळतील. तेवढ्याने गेल्या नाहीत तर दवाखान्यातून पावडर आणा.

एक मात्र ध्यानात ठेवा. अंडी हळूहळू उतरली आणि कोंबडी खातीपिती आहे तर घाबरायचं काही नाही. दोन दिवसांत सगळ्यांची एकदम बंद झाली, हिरवट हगवण लागली, मान वाकडी पडू लागली, तर ती मानमोडी (राणीखेत रोग) समजा आणि लगेच दवाखान्यात कळवा. लस कधी दिली होती?

चिक्कूखालचं_खुराडं (२२ नोव्हेंबर)

जूनमध्ये. उद्या विचारून येते. आणि काका, बाळंतिणीचं वाक्य सासूबाईंना वाचून दाखवलं. तुम्ही कुठल्या गावचे म्हणून चौकशी चालू आहे.

चिक्कूखालचं_खुराडं (१९ जानेवारी)

धागा वर काढतेय. बल्ब लावला नाही. लस झाली, मॅश चालू आहे, वाळवीचं मडकं एकदाच केलं, परत करणार नाही. डिसेंबरभर एक-दोनच्या वर गेली नाहीत आणि ताईंना मी शेवटी खरं सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, चवीवरून कळलं होतं.

संक्रांतीला तीन होती. आज पाच. मोठी आरआयआर नव्या पिसांत विटकरी रंगाची दिसतेय आणि आज तिने पहिलं घातलं, ते गेल्या वर्षीच्यापेक्षा चांगलंच मोठं आहे. खोक्याच्या खाचेत बसेना. खुडूक गावठीच्या पोटाखाली नऊ ठेवली होती, सात पिल्लं निघाली.

ठिपकेवाली कावेरी अजून गंजीमागेच जाते. मीच आता तिथे एक टोपलं ठेवलंय.